चालती गाडी मध्येच बंद पडते : पार्ट बदलण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची गाडी, नव्वद हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली. अर्धा-पाऊण तास सलग चालवली की इंजिन एकदम बंद पडतं. लगेच सेल्फ मारला तर सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी गाडी चालू होते. चेक इंजिनचा दिवा कायम राहत नाही. टाकीतला पंप, फिल्टर आणि प्लग बदलून झाले, दोष तसाच आहे, आणि आता ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बदलायचा सल्ला मिळालाय.

ईसीयू बदलू नका. तो कधीच बिघडत नाही असं नाही, पण या लक्षणांवरून त्याच्याकडे बोट दाखवायला काहीही आधार नाही. आतापर्यंत तुमच्या गाडीचं निदान झालेलंच नाही, फक्त पार्ट बदलले गेलेत. मधूनच येणाऱ्या दोषात हे नेहमी होतं, कारण गाडी गॅरेजमध्ये पोचते तेव्हा ती उत्तम चालत असते. मेकॅनिकसमोर दोष हजर नसतो, मग तो अनुभवाने अंदाज बांधतो आणि गिऱ्हाईक त्या अंदाजाचे पैसे भरतं.

निदानाआधी जिवाचं बोलू. चालत्या गाडीचं इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, पण फिरतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करायचा नाही, एकदाच दाबून धरायचा आणि गाडी कडेला घ्यायची. चारी इंडिकेटर लावायचे. घाबरून चावी पूर्ण मागे फिरवायची नाही, कारण स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. हे घरात जो जो ती गाडी चालवतो त्या प्रत्येकाला माहीत हवं. दोष सापडेपर्यंत ती गाडी वेगाच्या रस्त्यावर न्यायची नाही, मग घाई कितीही असो.

आता मूळ मुद्दा. इंजिनाला चालायला इंधन, हवा, वेळेवर पडणारी ठिणगी आणि कॉम्प्रेशन लागतं. आजच्या इंजिनाला याशिवाय आणखी एक गोष्ट लागते : क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, या क्षणी कुठे आहे हे ईसीयूला कळणं. ते कळलं नाही तर तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टरही उघडत नाही. बंद पडण्याच्या क्षणी यातलं नेमकं काय गायब झालं, एवढाच आपला प्रश्न आहे. त्याचं उत्तर दोन ठिकाणी मिळतं : गाडी कशी बंद पडली यात, आणि बंद पडल्यानंतरच्या त्या वीस मिनिटांत.

कशी बंद पडली हे मी पहिल्यांदा विचारतो आणि त्यावर बराच वेळ घालवतो. कुणीतरी चावी बंद केल्यासारखं इंजिन एका क्षणात गेलं, की आधी पिकअप कमी झाला, झटके बसले, अडखळत अडखळत गेलं? की रस्त्यावर उत्तम चालतं आणि सिग्नलला क्लच दाबून थांबताना विझतं? पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा वीज किंवा सेन्सर असतो. दुसऱ्यात इंधन कमी पडत असतं. तिसऱ्यात आयडलिंगची, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू राहण्यापुरती लागणारी, हवा बिघडलेली असते. अपवाद असतात, पण सुरुवात कुठून करायची हे या एका प्रश्नाने ठरतं.

तुमचं वर्णन पहिल्या प्रकारातलं आहे, म्हणून त्यावर जास्त बोलतो.

हाताने गिअर टाकायच्या गाडीत एक फार उपयोगी खूण असते. इंजिन बंद पडलं आणि तुमचा पाय क्लचवर गेला नसेल, तर चाकं इंजिनाला फिरवतच राहतात. म्हणजे पेट्रोल जळत नसलं तरी क्रँकशाफ्ट दोन-अडीच हजार फेऱ्यांनी फिरतोय. अशा वेळी आरपीएमचा काटा बघायचा. गाडी जोरात पळतेय, गिअर पडलेला आहे, आणि काटा झटकन शून्यावर पडला, तर इंजिन फिरतंय हेच ईसीयूला दिसत नाहीये. काटा मात्र गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत आला, तर क्रँकचा सिग्नल शाबूत आहे आणि इंधन किंवा ठिणगी कुठेतरी तुटली आहे. ऑटोमॅटिक गाडीत ही खूण चालत नाही, कारण टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग) चाकांकडून इंजिनाला तेवढ्या जोराने फिरवत नाही.

काटा शून्यावर पडण्याचं आणखी एक कारण असतं : ईसीयूचाच पुरवठा तुटणं. ते वेगळं काढायला बाकीचा डॅशबोर्ड बघा. इंजिन बंद पडल्यावर बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागलेला असेल, तर इग्निशन स्विचपर्यंत वीज येते आहे. सगळा डॅशबोर्डच विझला, रेडिओसुद्धा गेला, तर बॅटरीची टर्मिनल किंवा मुख्य फ्यूज बघायचा. रेडिओ चालू आहे पण मीटर गेलेत, तर इग्निशन स्विचवर संशय. डॅशबोर्ड जिवंत आहे, चावी ऑन आहे, पण चेक इंजिनचा दिवा लागतच नाही किंवा स्कॅनर (ईसीयूतली माहिती वाचणारं यंत्र) ईसीयूशी बोलत नाही, असं असेल तर मेन रिले (ईसीयूला वीज जोडणारा स्विच) आणि ईसीयूचं अर्थिंग तपासायचं.

पुन्हा तुमच्या गाडीकडे. गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, बंद असताना सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही. यात माझा पहिला संशय क्रँक पोझिशन सेन्सरवर आहे. हा सेन्सर फ्लायव्हीलजवळ किंवा पुढच्या पुलीजवळ बसलेला असतो आणि दात्यांच्या चकतीकडे बघत असतो. बऱ्याच इंजिनांत या चकतीवर साठ दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. त्या मोकळ्या जागेवरून ईसीयू क्रँकची जागा ओळखतो. सेन्सर दोन जातींचे. एकात चुंबकाभोवती अतिशय बारीक तारेची कॉइल असते. दुसरा हॉल जातीचा, त्यात छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. दोघेही गरम ब्लॉकला चिकटून वर्षानुवर्षं तापतात, गार होतात. तारेला किंवा आतल्या जोडाला तडा गेला, तर उष्णतेने प्रसरण झाल्यावर तो उघडतो आणि गार झाल्यावर पुन्हा मिटतो. वीस मिनिटांचं कोडं बहुतेक वेळा हेच असतं.

मग ईसीयूत दोषाचा कोड का नोंदला जात नाही, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. सिग्नल नाही याचा ईसीयूच्या लेखी सरळ अर्थ ‘इंजिन थांबलं’ असा होतो, आणि थांबलेलं इंजिन हा काही दोष नाही. बऱ्याच गाड्यांत कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) सिग्नल येतोय पण क्रँकचा येत नाही अशी विसंगती काही वेळ दिसली, तरच पी०३३५ सारखा कोड नोंदला जातो. म्हणून ‘स्कॅन केलं, काही निघालं नाही’ हे वाक्य सेन्सर चांगला असल्याचा पुरावा नाही. स्कॅनरमध्ये पेंडिंग, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या, कोडचा वेगळा भाग असतो, तो उघडून बघा. आणि कोड पुसून टाकू नका, बॅटरीही काढू नका. कोडबरोबर त्या क्षणीचं तापमान, आरपीएम, लोड यांची नोंद राहते, तीही पुसली जाते.

याच सेन्सरपायी तुमचा पंप विनाकारण बदलला गेला असण्याची दाट शक्यता आहे. चावी ऑन केली की ईसीयू पंपाला साधारण दोन सेकंद चालवतो आणि बंद करतो. त्यानंतर क्रँक फिरतोय असा सिग्नल आला तरच पंप पुन्हा चालू ठेवतो. अपघातात इंजिन थांबलं तर पेट्रोल वाहत राहू नये म्हणून ही सोय आहे. आता सेन्सर मेलेला असताना कुणी सेल्फ मारून पंपाला कान लावला, तर पंप चालत नाही असंच दिसणार. मग पंप दोषी ठरतो. नवा पंप बसेपर्यंत इंजिन गार झालेलं असतं, गाडी चालू होते, सगळे खूश होतात आणि पुढच्या लांबच्या फेरीत गाडी पुन्हा बंद पडते.

आता ती वीस मिनिटं. पुरावा फक्त त्याच वेळात असतो, आणि बहुतेक लोक तो वेळ टो गाडी शोधण्यात किंवा पुन्हा पुन्हा सेल्फ मारण्यात घालवतात. गाडी सुरक्षित जागी असेल तर हे करा. रेडिओ, एसीचा पंखा बंद करा, मागच्या सीटजवळ कान द्या आणि दुसऱ्याला चावी ऑन करायला सांगा. दोन सेकंद बारीक गुंजारव आला पाहिजे. आला तर पंपाचा फ्यूज, रिले आणि वायरिंग त्या क्षणी ठीक आहे. मग स्कॅनर जोडून सेल्फ मारताना आरपीएम वाचा. धडधाकट गाडीत सेल्फवर दीडशे-अडीचशेच्या आसपास आकडा दिसतो. सेल्फ फिरतोय आणि स्कॅनर शून्य दाखवतोय, तर चोर सापडला, किमान त्याचं घर सापडलं. कारण सेन्सर, त्याची वायर, त्याचा कनेक्टर यातलं काय हे अजून ठरायचं असतं.

स्कॅनरवर आकडा येतोय पण इंजिन धरत नाही, तर ठिणगी बघायची. त्यासाठी स्पार्क टेस्टर वापरा. प्लगची वायर हातात धरून इंजिनाच्या धातूजवळ नेण्याची जुनी सवय आजच्या इग्निशनमध्ये माणसालाही धोक्याची आहे आणि इग्निशन कॉइललाही. ठिणगी आहे, पंपही वाजतोय, तर इंधनाचा दाब मोजायचा. सेन्सरने सिग्नल देणं थांबवलं असेल तर ठिणगी आणि इंजेक्टरची पल्स दोन्ही एकदम गायब असतात. एकच गायब असेल तर सेन्सर सोडून त्याच वाटेवर शोधायचं.

आणखी एक जुनी युक्ती अजूनही कामाची आहे. गाडी गरम असतानाच बंद पडली, आणि सेन्सर वरून हाताला येण्यासारखा असेल, तर त्याच्यावर थोडं गार पाणी सोडायचं. लगेच गाडी चालू झाली तर यापेक्षा सरळ पुरावा नको. पाणी एक्झॉस्टवर किंवा अल्टरनेटरवर पडू द्यायचं नाही. गॅरेजमध्ये उलट करता येतं : इंजिन चालू ठेवून हेअर ड्रायरने सेन्सर तापवायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं. कॉइलच्या सेन्सरचा रोध थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी मोजा. साधारण २०० ते १५०० ओहममध्ये तो असतो, नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्येच बघायचा. थंडीत आकडा ठीक आणि गरम झाल्यावर मीटर अनंत दाखवतोय, तर काम झालं. हॉल सेन्सरवर ओहममीटर लावू नका, त्यातून काही कळत नाही. तिथे पुरवठ्याचे व्होल्ट, अर्थिंग आणि फिरताना वरखाली होणारा सिग्नल बघायचा असतो.

सेन्सर बदलण्याआधी कनेक्टर नीट उघडून बघा, आणि हे मी मनापासून सांगतोय, कारण इथेच कामं फसतात. कनेक्टर ओढून काढला की आधी त्याचं तोंड उजेडाकडे धरायचं. आत तेलाचा चकचकीत थर आहे का? पिनेवर हिरवट पूड जमली आहे का? मादी पिनेचे ओठ पसरले असतील तर नर पिन त्यात नुसती टेकते, धरत नाही. त्याच मापाची सुटी पिन घालून बघायची. ती घट्ट बसून ओढताना किंचित अडली पाहिजे, सैलपणे सरकली तर तीच पिन रस्त्यावर थरथरून सिग्नल तोडतेय. मग वायर बोटांत धरून एक्झॉस्टजवळून, ब्रॅकेटच्या कडेवरून जिथे जिथे जाते तिथे चाचपत जायचं. इन्सुलेशन एखाद्या ठिकाणी कडक, चपटं किंवा काळपट लागतं, तिथे आत तांबं उघडं पडलेलं असतं. ही दहा मिनिटं न देता नवा सेन्सर लावला, तर कनेक्टर काढून घालताना पिना घासल्या जातात आणि गाडी काही दिवस बरी चालते. पार्ट बदलल्याने फरक पडला असं वाटतं, आणि दोष तिथेच राहतो.

अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती, दोन ठिकाणी फिरून. इग्निशन कॉइल बदललेली, क्रँक सेन्सर बदललेला, पंपही बदललेला. गाडी खराब रस्त्यावर बंद पडायची, सरळ रस्त्यावर कधीच नाही. ही एवढी माहिती मालकानेच दिली होती, पण आधी ती कुणी लिहून घेतली नव्हती. उष्णतेपेक्षा हादऱ्याशी संबंध आहे म्हटल्यावर मी इंजिन चालू ठेवून वायरिंगचे जुडगे एकेक करून हलवत गेलो. बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थिंगचा बोल्ट हलवला आणि इंजिन गपकन बंद. बोल्ट वरून घट्ट दिसत होता. उघडला तर वायरच्या टोकाखाली गंजाचा पापुद्रा होता. घासून, साफ करून पुन्हा आवळला, एवढंच काम होतं.

अर्थिंग डोळ्यांनी ठरवू नका, मीटरने ठरवा. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर. ०.२ व्होल्टच्या आत आकडा असावा. तसंच बॅटरीच्या ऋण टर्मिनलपासून ईसीयूच्या अर्थिंगपर्यंत. जास्त आला तर त्या वाटेत कुठेतरी रोध आहे. ओहममीटर इथे फसवतो : सात तारांतली एकच तार शिल्लक असली तरी तो ‘ठीक’ म्हणतो, कारण त्याच्यातून प्रवाह फारच थोडा जातो. चार्जिंगही बघून घ्या. चालू इंजिनात बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट हवेत. अल्टरनेटर मेला असेल तर गाडी बॅटरीवर थोडं अंतर जाते, मग दिवे मंद होतात, इंजिन अडखळतं आणि बंद पडतं. पण तेव्हा सेल्फही नीट फिरत नाही, तुमचा फिरतोय.

इग्निशन स्विचबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण लोक त्याच्याकडे बघतच नाहीत. २०१४ मध्ये जनरल मोटर्सला सुमारे २६ लाख गाड्या याच पार्टसाठी परत बोलवाव्या लागल्या. स्विच आतून सैल होता. जड किल्लीच्या जुडग्याने किंवा गुडघा लागून तो चालत्या गाडीत ‘रन’वरून ‘ॲक्सेसरी’वर घसरायचा. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि एअरबॅगही निकामी. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. तुमच्या चावीला जुडगा असेल तर तो आजच काढा. गाडी उभी ठेवून, इंजिन चालू असताना चावी हलकेच हलवून बघा. मीटर लुकलुकले तर स्विच गेला.

नंतर बसवलेल्या वस्तूंवरही माझा पक्का संशय असतो. अलार्म, चोरी टाळायचा लपवलेला कट-ऑफ, जागा कळवणारं यंत्र, रिमोट स्टार्ट. यातल्या बऱ्याच गोष्टी पंपाची किंवा इग्निशनची वायर कापून मध्ये रिले घालून बसवलेल्या असतात. तो रिले स्वस्तातला असतो आणि जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला. गाडीत असं काही असेल तर निदानाच्या आधी ते पूर्ण काढून मूळ वायर सरळ जोडून घ्या.

अडखळत बंद पडणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे आधी इंधनाचा दाब. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात तो साधारण ३ ते ४ बार असतो. गेज लावून गाडी नुसती उभी असताना मोजू नका, चढावर लोड देऊन मोजा, कारण थकलेला पंप आयडलिंगला पुरतं तेवढं देतोच. गेज नसेल तर फ्यूएल ट्रिम बघा. ईसीयू मिश्रणात किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय ते त्यात दिसतं. दहा टक्क्यांच्या आत वरखाली चालतं. आयडलिंगला ठीक आणि लोडवर वीस-पंचवीस टक्के अधिक, तर पुरवठा कमी पडतोय. उलट आयडलिंगला जास्त आणि अडीच हजार आरपीएमला जाग्यावर, तर कुठूनतरी चोरून हवा आत येतेय.

पंपाच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. टाकीतला पंप त्याच पेट्रोलने गार होतो, म्हणून सतत काटा तळाला ठेवून गाडी चालवणारा माणूस पंपाचं आयुष्य कमी करत असतो. आणि नवा पंपही दोषी असू शकतो : डेन्सोच्या काही पंपांतला प्लॅस्टिकचा इम्पेलर इंधन शोषून फुगायचा आणि अडकायचा, त्यासाठी २०२० पासून अनेक कंपन्यांना मोठ्या संख्येने गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तुमच्या मॉडेलवर असा काही रिकॉल आहे का, हे चॅसी नंबर टाकून बघणं फुकटचं काम आहे, ते आधी करा.

टाकीचं झाकण उघडून बघायची चाचणीही फुकटची. टाकीत हवा येण्याची वाट बुजली असेल तर पेट्रोल संपत जाईल तशी आत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढता येत नाही. गाडी बंद पडल्याबरोबर झाकण सैल करा. जोरात ‘सूंऽऽ’ असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर व्हेंट बघायचा. टाकी भरल्यावर लगेच गाडी बंद पडत असेल, तर मात्र पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. तो टाकीतली वाफ इंजिनात सोडत राहतो आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. नळी ‘खट्ट’ बंद झाल्यावरही वर आणखी पेट्रोल भरत राहण्याची सवय टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरचा नाश करते, ती सोडा.

सिग्नलला थांबताना विझणाऱ्या गाडीत थ्रॉटल बॉडी आधी उघडा. झडपेच्या कडेला काजळी जमते आणि आयडलिंगला लागणारी हवा अडते. साफ केल्यानंतर बऱ्याच गाड्यांत ईसीयूला आयडलिंग नव्याने शिकवावं लागतं. ते न केल्यामुळे साफसफाईनंतर गाडी जास्तच बंद पडते आणि मेकॅनिकवर आळ येतो. त्यानंतर व्हॅक्यूमच्या नळ्या, पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह), उघडा अडकलेला ईजीआर (एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). ऑटोमॅटिक गाडी थांबताना जोराचा धक्का देऊन बंद पडली, तर टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच सुटत नाहीये. क्लच न दाबता ब्रेक लावल्यासारखंच ते होतं, त्यासाठी इंजिनात हात घालायचा नाही.

डिझेलमध्ये ठिणगीचा प्रश्न नाही, पण दाबाचा आहे. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, आयडलिंगलाच २५० ते ४०० बार दाब असतो. फिल्टर चोंदला, नळीतून हवा शिरली किंवा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह अडकला, की रेलचा दाब पडतो आणि इंजिन जातं. रेलचा दाब कमी असल्याचा पी००८७ कोड आला म्हणून कुणी थेट हाय-प्रेशर पंप बदलायला काढला, तर आधी फिल्टर, त्यातलं पाणी आणि टाकीकडून येणाऱ्या नळीतले बुडबुडे दाखवायला सांगा. क्रँक सेन्सरचं वर सांगितलेलं सगळं डिझेललाही तसंच लागू आहे.

काही वेळा मात्र निदान करत बसायचंच नाही. तापमानाचा काटा लाल रेषेवर असताना, इंजिन चालत असतानाच ऑइलचा दिवा लागून ते बंद पडलं असताना किंवा बंद पडण्याआधी आतून ठोकल्यासारखा आवाज आला असताना सेल्फ मारू नका. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुळसुळीत फिरतोय असं वाटलं तरी थांबा. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो, आणि बऱ्याच इंजिनांत तेव्हा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. एकेक सेल्फ म्हणजे वाढत जाणारी मोडतोड.

तुमच्या गाडीसाठी मी हा क्रम धरीन. ब्लूटूथवर चालणारा साधा स्कॅनर डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावा. फोनवर आरपीएम, ईसीयूचे व्होल्ट, शीतकाचं तापमान आणि दोन्ही फ्यूएल ट्रिम एवढंच रेकॉर्ड करायला ठेवा. जास्त आकडे निवडले तर नोंदी विरळ होतात आणि नेमका क्षण निसटतो. सोबत कुणीतरी बसवा, चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही. कमी वाहतुकीच्या, कडेला थांबायला जागा असलेल्या रस्त्यावर गाडी गरम होईपर्यंत फिरवा. बंद पडली की आलेख बघा, काय आधी पडलं. आरपीएम सरळ रेषेत शून्यावर आणि व्होल्ट जागेवर, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. स्कॅनरचा ईसीयूशी संपर्कच तुटला, तर मेन रिले किंवा अर्थिंग. मेन रिलेच्या आत सोल्डरला गोल तडा जाऊन गरम झाल्यावर तो सुटणं हाही नेहमीचा दोष आहे, आणि त्याच पेटीत त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून लगेच कळतं. आरपीएम हळूहळू उतरला आणि त्याआधी ट्रिम चढत गेली, तर नवा असला तरी पंपाकडे पुन्हा जा, पण या वेळी त्याच्या कनेक्टरवर, पंप चालू असताना किती व्होल्ट पोचतात ते मोजून.

सेन्सरच निघाला तर इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा किंवा तिला पुरवठा करणाऱ्याचाच घ्या. नकली सेन्सर सुरुवातीपासून कमकुवत सिग्नल देतात आणि तेच लक्षण परत आणतात. बसवताना जागा पुसून घ्या, ओ-रिंगला थोडं इंजिन ऑइल लावा, वायर मूळ क्लिपांतूनच न्या. काही गाड्यांत स्कॅनरने क्रँकची नोंद नव्याने शिकवावी लागते, ते मॅन्युअलमध्ये बघा. मग गाडी त्याच रस्त्यावर, तितकाच वेळ, तितक्याच उन्हात पुन्हा चालवा, स्कॅनर लावूनच. काढलेला जुना सेन्सर फेकू नका. घरी तो मीटरला जोडून हेअर ड्रायरने तापवा. कॉइलचा असेल आणि गरम झाल्यावर त्याचा आकडा तुटला, तर दोष खरोखर तिथेच होता. आकडा तसाच राहिला, तर पुन्हा कनेक्टरच्या पिना बघायच्या आहेत आणि तोवर गाडी लांब न्यायची नाही.